शिडाच्या बोटीतून अटलांटिकपार: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून कॅरिबियनमधल्या सेंट लुशियापर्यंत अंतर साधारण २७०० सागरी मैल, म्हणजे ५००० किलोमीटर. चाळीस फुटांच्या आसपासची शिडाची बोट चोवीस तासांत १२० ते १५० मैल कापते. म्हणजे अठरा ते बावीस दिवस तीन-चार माणसांनी दीड खोलीच्या जागेत राहायचं, आणि ती जागा सतत डोलत असणार. मी हा प्रवास ३८ फुटी बोटीवर खलाशी म्हणून केला. निघण्याआधी माझं सगळं वाचन वादळं आणि शिडं यांवर झालं होतं. प्रत्यक्षात दिवस गेले ते रांधणं, भांडी घासणं, पहारा देणं, किरकोळ दुरुस्त्या करणं आणि मिळेल तेव्हा झोपणं यांत. त्या घरसंसाराबद्दल लिहिते आहे.

त्यातही झोप मी सगळ्याच्या वर ठेवते. दमलेला माणूस गाठ चुकीची मारतो, सुरक्षेचा हुक लावायला विसरतो, उगाच चिडतो. खाली जे सांगणार आहे त्यातलं निम्मं कुणाची ना कुणाची झोप वाचवण्यासाठीच आहे.

कधी, कुठून, कुणाबरोबर

अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात. त्यामुळे नोव्हेंबरअखेर ते जानेवारी या काळात बोटी निघतात. तेव्हा ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे स्थिरावू लागलेले असतात आणि वारा बहुतेक वेळ पाठीशी राहतो. १४९२ साली कोलंबस कॅनरी बेटांवरून निघाला तो याच वाऱ्यांवर. बोटी आधी नैर्ऋत्येला, केप व्हर्दे बेटांच्या दिशेने उतरतात आणि वारा पक्का लागला की पश्चिमेला वळतात. ‘लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जा, मग उजवीकडे वळ’ असं जुने खलाशी सांगत, आणि ते आजही बरोबर आहे.

स्वतःची बोट नसेल तरी वाट आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लास पाल्मासच्या मरिनात, म्हणजे अशा बोटी लावायच्या बंदरात, दोन हात कमी पडणाऱ्या बोटी असतात. १९८६ पासून इथून दरवर्षी बोटींचा एक मोठा ताफा एकत्र निघतो, त्यामुळे त्या दिवसांत धक्क्यावर नुसती लगबग असते. पण तिथे जाण्याआधी किमान पाच दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण घ्या. मुंबईत गेटवेसमोरच्या बंदरात शिडाची होडी चालवायला शिकता येतं. त्यानंतर निदान दोन रात्री कुठल्या तरी बोटीवर समुद्रात काढा. रात्र काढल्याशिवाय आपल्याला हे झेपतं का ते कळत नाही.

स्किपर, म्हणजे बोटीचा कप्तान, निवडताना संकोच करू नका. माणसं किती, वॉच म्हणजे पहाऱ्याच्या पाळ्या कशा लावणार, लाइफ राफ्टची (बोट सोडावी लागली तर वापरायच्या तराफ्याची) तपासणी शेवटची कधी झाली, खर्चाची वाटणी कशी, हे सरळ विचारा आणि एक दिवस बरोबर बोट चालवून बघा. या प्रश्नांना कंटाळणाऱ्या माणसाबरोबर तीन आठवडे समुद्रात जाऊ नये. मुलींनी, बायकांनी तर आधी त्या बोटीवर गेलेल्या एखाद्या बाईशी बोलल्याशिवाय होकार देऊ नये. मी एका बोटीला नकार दिला होता आणि त्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही.

भारतीय पासपोर्ट असेल तर कॅनरी बेटांसाठी शेंगेन व्हिसा लागतो, कारण ती बेटं स्पेनची. बोटीने बाहेर पडताना निघाल्याची अधिकृत नोंद करून घ्यायला विसरू नका, नाहीतर पुढच्या व्हिसाच्या वेळी तुम्ही युरोपातच राहिलात असं दिसेल. पलीकडच्या बेटाचे व्हिसाचे नियम आधी तपासा, तिथून परतीचं तिकीट जवळ ठेवा आणि तुमचं नाव खलाशांच्या यादीत आहे ना, ते स्वतः डोळ्यांनी बघा. दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन या. महासागराच्या मधोमध दाढ दुखायला लागली तर वेदनाशामक गोळ्यांपलीकडे फारसं काही करता येत नाही.

सामान

कापडी, घडी होणारी बॅग घ्या. टणक सुटकेस बोटीवर ठेवायला जागाच नसते. लाल प्रकाश देणारी डोक्यावरची बॅटरी, कानात घालायचे बोळे, झाकणाचा मग, पायाला घट्ट बसणारे रबरी तळव्याचे बूट, पूर्ण बाह्यांचे दोन पातळ सदरे, टोपीला दोरी. पहिल्या आठवड्यात रात्री चांगलंच गार वाजतं, तेव्हा स्वेटर हवाच. खाऱ्या पाण्याने कपडे दमट राहतात आणि बसायच्या जागी पुरळ येतं, म्हणून ओले कागदी रुमाल (वेट वाइप्स) आणि साधी टाल्कम पावडर भरपूर न्या. बायकांनी मासिक पाळीचं सामान दुप्पट न्यावं. कप वापरणार असाल तर सवय घरीच करून घ्या, डोलत्या संडासात पहिला प्रयोग नको.

पहिले तीन दिवस

बोट लागते. कोकणात बोट लागत नाही म्हणून इथे लागणार नाही, असं धरून चालू नका. डॉक्टरांना विचारून सिनॅरिझिनसारखी गोळी आणा, घरीच एकदा घेऊन किती झोप येते ते बघा, आणि निघण्याच्या आदल्या रात्रीपासून सुरू करा. उलट्या लागल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. उघड्यावर बसा, नजर क्षितिजावर ठेवा, सुकाणू हातात मागून घ्या. फारच झालं तर बंकवर, म्हणजे झोपायच्या फळीवर, आडवं होऊन डोळे मिटा. मधल्या अवस्थेत, म्हणजे खाली बसून फोन बघण्यात किंवा बॅग उपसण्यात, सगळ्यात जास्त त्रास होतो. म्हणून पहिल्या तीन दिवसांचे कपडे आणि औषधं हाताशी वेगळी ठेवा.

या दिवसांचं जेवण धक्क्यावरच करून ठेवा. आम्ही दशम्या आणि मऊ भात नेला होता. कोरडी बिस्किटं, आल्याची वडी, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट. बहुतेकांना तिसऱ्या दिवशी सकाळी एकदम भूक लागते आणि तिथून सगळं सोपं होतं.

वॉच: पहाऱ्याची पाळी

बोट चोवीस तास चालू असते, त्यामुळे कुणीतरी कायम जागं असतंच. चार माणसांत तीन-तीन तासांचे वॉच लावले की बारा तासांत चक्र पूर्ण होतं. म्हणजे तुमची वेळ रोज तीच येते. काही बोटींवर कंटाळा येऊ नये म्हणून वेळा रोज सरकवतात. मला ते पटत नाही. वेळ ठरलेली असली की आठवड्याभरात शरीर आपोआप जागं होतं आणि गाढ झोपही लागते. माझा वॉच रात्री १२ ते ३ आणि दुपारी १२ ते ३ होता. पहिले दोन दिवस मी रडकुंडीला आले होते. आठव्या दिवशी गजराच्या पाच मिनिटं आधी जाग येऊ लागली.

पश्चिमेला जाताना साधारण सहा-सात दिवसांनी सूर्य एक तास मागे पडतो. घड्याळ बदलायचं तेव्हा तो जादा तास एकाच्या माथी न मारता सगळ्यांत वाटून घ्या.

वॉचवर काय करायचं? दर दहा-पंधरा मिनिटांनी उठून चहूबाजूंनी क्षितिज न्याहाळायचं. मागे वळूनसुद्धा, कारण जहाजं मागूनही येतात. हा हिशेब समजून घ्या: मालवाहू जहाज २० नॉटने (तासाला २० सागरी मैल) समोरून येतंय, तुम्ही ६ नॉटने जाताय, म्हणजे पंधरा मिनिटांत साडेसहा मैल अंतर संपतं. एआयएसच्या, म्हणजे जहाजांचे रेडिओ संकेत पकडणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर जहाजं दिसतात, पण पडद्यावर काही नाही म्हणजे समुद्रात काही नाही असं नसतं. तासाला एकदा वहीत नोंद करायची: जागा, दिशा, वेग, वारा, हवेचा दाब. सुकाणू बहुतेक वेळ ऑटोपायलट किंवा वाऱ्यावर चालणारं यंत्र धरतं, तुम्ही त्याच्यावर लक्ष ठेवायचं.

रात्री आभाळात तारे पुसून टाकणारा काळा पट्टा मागून येताना दिसला, की ती सरींची वावटळ. १५ नॉटचा वारा काही मिनिटांत ३० च्या पुढे जातो. शीड आखडून छोटं करायचं, ज्याला बोटीवर रीफ घेणं म्हणतात, ते वारा वाढण्याआधी करायचं असतं. आमचा स्किपर अंधार पडण्याआधी रोज एक रीफ घ्यायचा, हवा शांत असली तरी. त्यात रात्रीचे काही मैल बुडाले असतील, पण तीन माणसांची झोप वाचली. हा व्यवहार मला अजूनही फायद्याचा वाटतो. आणि शंका आली तर स्किपरला उठवा, दहा वेळा उठवा. उगाच उठवलं म्हणून रागावणारा स्किपर चुकतोय.

आता वॉच बदलण्याची पद्धत. २ वाजून ४० मिनिटांनी मी खाली जाऊन पुढच्याच्या पायाला हात लावायची, खांद्याला नाही. माणूस दचकत नाही. लाल दिवा. चहाचं पाणी ठेवायचं. तो जॅकेट चढवून, हार्नेस (बोटीला अडकवायचा अंगावरचा पट्टा) बांधून शिडीवर येतो, आणि कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या उघड्या जागेत, पाय टाकण्याआधी हार्नेसचा हुक कड्यात अडकवतो. तो ‘खट्’ आवाज ऐकू आल्याशिवाय मी बोलायला सुरुवात करत नसे. मग उजव्या हाताला जहाज आहे का, वारा फिरलाय का, कुठला दोर कुरकुरतोय, हे सगळं तोंडी सांगायचं. त्याचे डोळे अंधाराला सरावेपर्यंत दहा मिनिटं थांबायचं. या दहा मिनिटांत काटकसर करू नका.

हुकाच्या बाबतीत सूट नाही. बोट ६ नॉटने चालली असेल तर सेकंदाला तीन मीटर पुढे जाते. पडलेला माणूस मिनिटाभरात जवळजवळ १८५ मीटर मागे राहतो, आणि लाटांत एवढ्या अंतरावर डोकं दिसत नाही. रात्री एकट्याने कॉकपिट सोडून पुढे जायचं नाही. जायचंच असेल तर आधी कुणाला तरी उठवायचं. पुरुषांनी कठड्याला उभं राहून लघवी करायची नाही, खाली जाऊन बसून करायची. कुणी पडलंच तर पहिल्याने ओरडायचं, तरंगणारं कडं फेकायचं, आणि एकाने त्या माणसाकडे हाताचं बोट रोखून नजर अजिबात हलवायची नाही.

वारा पाठीमागून असल्यामुळे मोठ्या शिडाखालची आडवी दांडी, म्हणजे बूम, एका क्षणात या बाजूची त्या बाजूला झेपावू शकते. तिला पुढच्या बाजूला दोराने बांधून ठेवतात. तो दोर कुठे आहे, कसा सोडायचा, हे पहिल्याच दिवशी शिकून घ्या.

स्वयंपाक

बोटीवरची शेगडी झोक्यासारखी टांगलेली असते. बोट कलली तरी ती सपाट राहते. तरी भांडं उडतंच. म्हणून आपला प्रेशर कुकर या प्रवासात सोन्यासारखा आहे. झाकण घट्ट बसतं, उलटला तरी सांडत नाही, गॅस कमी लागतो. स्पेनमध्ये मिळेल न मिळेल म्हणून मी तीन लिटरचा कुकर पुण्याहून नेला होता. दुसऱ्या आठवड्यात बाकीचे तिघेही शिट्ट्या मोजायला शिकले होते.

मूगडाळीची खिचडी करायची तर अशी: डाळ-तांदूळ मोजून ठेवलेल्या डब्यातून घ्यायचे, समुद्राच्या पाण्याने धुवायचे, शिजवताना एक वाटी समुद्राचं आणि बाकी गोडं पाणी. मीठ वेगळं घालावं लागत नाही. फोडणी कुकरमध्येच, उघड्या कढईत गरम तेल कधीच नाही. शेगडीसमोर पट्ट्याने स्वतःला बांधायचं आणि कितीही उकडत असलं तरी प्लास्टिकची लांब पँट घालायची. पाचव्या दिवशी माझ्या मांडीवर चहाचं उकळतं पाणी आलं. पँट होती म्हणून कातडी वाचली. किटली अर्धीच भरा. चहाचा मग हातात धरून ओतू नका, मग सिंकमध्ये ठेवून त्यात ओता. स्वयंपाक झाला की गॅस सिलिंडरपाशी बंद करायचा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर बोटीच्या तळाशी साचून राहतो.

भाज्यांचं सांगते. पुठ्ठ्याची खोकी धक्क्यावरच फेका, त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असू शकतात. फळं-भाज्या धुऊन, पूर्ण वाळवून जाळीच्या झोळीत टांगा. कांदे आणि बटाटे वेगवेगळे ठेवा. कोबी सुरीने कापू नका, वरून एक-एक पान काढत जा. आमचा शेवटचा कोबी एकोणिसाव्या दिवशी संपला. अंडी न धुतलेली, फ्रिजमध्ये न ठेवलेली घ्या आणि दोन दिवसांनी पालथी करत राहा. पाण्यात तरंगलं ते अंडं खराब. केळ्यांचा घड मोहात पडून घेऊ नका, सगळी केळी एकाच दिवशी पिकतात. दहाव्या दिवसानंतर हिरवं काही खावंसं वाटतं, तेव्हा मोड आलेले मूग आणि मटकी. ओल्या फडक्यात बांधून टांगले की त्या उबेत छान मोड येतात. लोणचं, मेतकूट, थालिपिठाची भाजणी, चिवडा, कोकम आगळ हे सगळं चालतं. तूप मात्र भारतातून नेऊ नका, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला प्रवाशांना बंदी आहे. तिथेच लोणी घेऊन कढवा.

दिवसातून एक जेवण सगळ्यांनी एकत्र, उजेड असताना. आम्ही पाच वाजता जेवायचो. बाकी वेळ एक झोपलेला, एक पहाऱ्यावर, त्यामुळे एकाच घरात राहून माणसं एकमेकांना भेटत नाहीत. मनातली छोटी कुरकुर त्या जेवणाच्या वेळी निघते आणि विरते. न निघता राहिली तर मग ओल्या टॉवेलवरूनही भांडण होतं.

पाणी, वीज, कचरा

चार माणसं, रोज प्रत्येकी ३ लिटर, २१ दिवस: २५२ लिटर. त्यावर निम्मं जादा धरा. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र असलं तरी हे पाणी टाक्यांत आणि बाटल्यांत वेगवेगळं ठेवायचं, म्हणजे एक टाकी बिघडली तरी भागतं. भांडी समुद्राच्या पाण्यात घासून गोड्या पाण्याने नुसती विसळायची. आंघोळ मागच्या पायरीवर, हुक लावून, बादलीने. शेवटी एक लिटर गोडं पाणी अंगावर.

विजेचा मोठा भाग ऑटोपायलट आणि फ्रिज खातात. सौर पॅनेलवर शिडाची सावली पडते, त्यामुळे धक्क्यावर केलेला हिशेब समुद्रात जुळत नाही. फोन दुपारी चार्ज करा, रात्री नाही.

प्लास्टिकचा कणही समुद्रात टाकायचा नाही, आंतरराष्ट्रीय नियमाने कागद, काच आणि डबेही नाहीत. खरकटं किनाऱ्यापासून १२ मैलांपलीकडे टाकता येतं. म्हणून वेष्टणं निघण्याआधीच काढून टाका. बाकी प्लास्टिक धुऊन, कातरून रिकाम्या बाटलीत ठासून भरलं की तीन आठवड्यांचा कचरा दोन-तीन बाटल्यांत मावतो.

सकाळची फेरी

उजाडलं की हार्नेस लावून बोटीच्या टोकापर्यंत एक फेरी. डेकवर रात्री येऊन पडलेले उडणारे मासे गोळा करायचे. प्रत्येक दोर जिथे कशाला घासतो तिथे हाताचं बोट फिरवून बघायचं. तीन आठवडे एकाच जागी घासला तर जाड दोरही तुटतो, म्हणून रोज तो वीतभर सरकवायचा. डेकवर स्क्रू, पिन, तारेचा तुकडा काहीही सापडलं तर ते वरून कुठून तरी पडलेलं असतं, आणि ते कुठून ते शोधल्याशिवाय नाश्ता नाही. नवव्या सकाळी मला डोलकाठीच्या पायाशी बोटाच्या पेराएवढी स्टीलची पिन मिळाली. ती बूम आणि डोलकाठीच्या सांध्यातली निघाली. वीस मिनिटांत नवी बसवली. ती तशीच राहती तर आडवी दांडी भर लाटांत निखळली असती.

रात्रीचं आकाश

हे कामाचं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, तितके तुमचे अक्षांश. हात ताणून धरलेली मूठ साधारण १० अंश भरते. लास पाल्मासला ध्रुव जवळजवळ तीन मुठी वर होता, सेंट लुशियाला दीड मुठीच्या आत. मधे एका रात्री तो बरोबर १९ अंशांवर आला, म्हणजे मुंबईतून दिसतो तितक्याच उंचीवर. दक्षिणेला अगस्त्याचा तारा रोज थोडा थोडा वर चढत होता. मृग नक्षत्र डोक्यावर. लहानपणी अलिबागच्या गच्चीवर हेच आकाश बघितलं होतं. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. त्या रात्री त्यांची फार आठवण आली, कारण खाली झोपलेली तीन माणसं मला होती.

पोहोचताना

शेवटच्या दोन दिवसांत सगळे घाई करतात आणि झोप मोडतात. करू नका. अनोळखी बंदरात अंधारात शिरायचं नाही. रात्र झाली तर शिडं आखडून बाहेरच थांबायचं. जमीन दिसण्याआधी तिचा वास येतो, ओल्या मातीचा आणि धुराचा. पिवळा झेंडा चढवायचा, म्हणजे बोट परदेशातून आली आहे आणि तपासणी व्हायची आहे. फक्त स्किपर कागदपत्रं घेऊन उतरतो, बाकीच्यांनी शिक्के मिळेपर्यंत बोटीवरच राहायचं. तेवढ्या वेळात कुकर घासून ठेवा, बंक वाळत घाला, कचऱ्याच्या बाटल्या एका पिशवीत बांधा. जमिनीवर पहिले काही तास तोल जातो, जिना उतरताना कठडा धरा. आणि त्या रात्री तुमच्या वॉचच्या वेळेला जाग येईल. कॉकपिटमध्ये जाऊन बघितलंत तर बाकीच्यांपैकी कुणीतरी आधीच तिथे बसलेलं असेल.